आमची चावरी गाडी

हे आत्ताच्या आत्ता सांगितलं नाही तर माझं पोट दुखेल, म्हणून चहा तसाच ठेवून टाईप करतेय. आमची गाडी चावते.

नवी कोरी, पांढरी, पोलादपुरातल्या आमच्या घरातली पहिली चारचाकी. थंडी पडल्यापासून खाली उतरून दार लोटायला हात लावला की टच्च! बाबांना चावली, आईला चावली, एकदा शेजारचे काका महाडपर्यंत बसून आले तर त्यांनाही चावली. आईने लिंबू-मिरची बांधली. तरी चटके चालूच, मग दोन लिंबं बांधली.

आता मी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथे असल्याच ठिणगीने आग लागू नये म्हणून टँकर रिकामा करायच्या आधी त्याला अर्थिंगची वायर लावतात, आम्हाला सुती युनिफॉर्म देतात. म्हणजे हा माझा विषय! मी सांगितलं, "बाबा, सीटवरचं प्लास्टिक काढा. त्याच्यावर कपडे घासून अंगात करंट साठतो."

"प्लास्टिक काढायचं नाय. गाडी जुनी दिसते."

"कधीतरी जुनी होणारच ना?"

"माझ्या हयातीत नाय."

(आमच्या टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी आहे. टीव्ही भंगारात जाऊन वर्ष झालं.)

वर बाबांनी जाहीर केलं, "रविवारी उमरठला आक्काला गाडी दाखवायला न्यायची हाय. तिथं चारचौघांत कुणाला चटका बसला तर सोमवारी गाडी विकायला काढतो." आणि मी? रोज त्याच गाडीने कामाला जाते मी! परत डबा छातीशी धरून एसटीत उभी राहू?

मग शनिवारी अंगणात मी क्लास घेतला. सीटवरून उठायच्या आधी दाराचं लॉक जिथे अडकतं ते उघडं लोखंड धरायचं. धरूनच पाय खाली टेकवायचे. नीट उभं राहिलं की मगच सोडायचं, म्हणजे करंट अंगात साठतच नाही. बाबांकडून दहा वेळा करून घेतलं, आईकडून बारा.

"एवढं तर मला गृहप्रवेशाला पण कुणी शिकवलं नव्हतं," आई म्हणाली.

रविवारी उमरठला पोचलो. आक्का, म्हणजे माझी आत्या, भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन अनवाणी अंगणात आली. गाडीवरून ओवाळायचं होतं तिला. बाबांनी लोखंड धरलं, पाय टेकवले, उभे राहिले, सोडलं. काही नाही! आईनेही तसंच केलं. काही नाही!

आत्या बघतच राहिली. "काय गो वहिनी, गाडीला धरून काय उतरताय? ब्रेक नाय काय तिला?"

मी तर हवेत. एका हातात पेढ्यांचा बॉक्स, दुसऱ्यात मोबाईल (पुरावा म्हणून शूटिंग चालू होतं). खास आत्यासाठी नवा पॉलिस्टरचा घोळदार ड्रेस घातलेला. मागच्या सीटवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन घसरले आणि टुणकन उडी मारली. लोखंड धरायला हात होता कुठे?

"धर गो जरा तांब्या," आत्या म्हणाली. मी मोबाईल बगलेत धरला आणि हात पुढे केला.

टच्च!

तांब्या खाली, पाणी बाबांच्या इस्त्रीच्या पँटवर, भाकरतुकडा कोंबडीच्या चोचीत.

"अगो बया," आत्या हात झटकत म्हणाली, "पोरीलाच करंट हाय."

"आत्या, ते प्लास्टिकमुळे होतं गं."

"प्लास्टिकवर तर तुझे आईबाप पण बसले व्हते. त्यांना काय झाला?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रेमाने गाडीकडे. बॉनेटवर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे आपली गाडी चांगली हाय."

मी शिकवलेलं! मी घोटून घेतलेलं! आणि गाडी चांगली, मी नाही! शूटिंग तर सगळं झालंय, आईने मला न विचारता ते माझ्या मोबाईलवरून घरच्या ग्रुपवर टाकलंय, आणि चुलत भाऊ मला 'पॉवर हाऊस' म्हणतोय.

असो. गाडी राहिली. प्लास्टिकही राहिलं. आईने आज ताजी लिंबू-मिरची आणली, पण गाडीला नाही, माझ्या ऑफिसच्या बॅगेला बांधली. कंपनीच्या गेटवर वॉचमनने "मॅडम, नवीन गाडी घेतली काय?" असं विचारलं.

खरं सांगा, तुमच्याकडे पण असं झालंय का? की अख्ख्या तालुक्यात मीच एकटी चावरी?