खुर्चीतल्या खासगी गप्पा

नेपरव्हिलला मी एका म्हाताऱ्या न्हाव्याकडे केस कापायला जायचो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. ऐंशीच्या दशकातले ते निवडणुकीचे दिवस. एखादं गिऱ्हाईक प्रेसिडेंटचं कौतुक करायचं, तर हा मान डोलावून म्हणायचा, "अगदी बरोबर!" पुढचं गिऱ्हाईक त्याच प्रेसिडेंटला शिव्या घालायचं, त्यालाही "अगदी बरोबर!" या माणसाचं स्वतःचं मत तरी काय, याचं मला भारी कुतूहल.

एकदा दुकानात आम्ही दोघंच होतो, तेव्हा विचारलंच. त्याने आधी मला विचारलं, "तू व्होट करतोस?"

"नाही, माझ्याकडे नुसतं ग्रीन कार्ड आहे."

त्याने कंगवा खिशात खोचला आणि जो काही सुटला! टॅक्स, युनियन, भावाचा बंद पडलेला कारखाना. शेवटी म्हणाला, "मी कुणाला व्होट करतो ते बायकोलाही ठाऊक नाही. पण तुला व्होटच नाही, तू रागावून करणार काय?"

मग मी केस वाढायच्या आतच जाऊ लागलो. असल्या गप्पा माझ्याशी ऑफिसात कुणी मारत नसे.

सिटिझनशिपची शपथ घेतली, त्याच आठवड्यात मी उत्साहाने त्याला सांगितलं. त्याने कात्री खाली ठेवून माझा हात हातात घेतला, मनापासून अभिनंदन केलं. मी म्हटलं, "आता या प्रेसिडेंटला घरी पाठवायला माझंही एक व्होट!"

आरशात त्याने मान डोलावली.

"अगदी बरोबर!"