सरांची बाभूळ, अक्कांचा प्लाय

केळीच्या बुंध्याशी पील, म्हणजे नवा कोंब, कुणी लावावं लागत नाही, ते आपोआप फुटतं. एक छाटलं की आठवड्यात शेजारी दुसरं हजर! आमच्या क्लबातल्या किश्शांचं तसंच आहे. मी एक सांगायला बसते, तर ऐकणारा म्हणतो, "तो नको, तो इंजेक्शनचा सांगा." इंजेक्शनचा सांगितला की हळदीचा सांगावाच लागतो. वर्षभरात आम्ही चौघांनी एक गाणं धड बसवलेलं नाही. किस्से मात्र सगळे सुरात आहेत.

तर चौघं म्हणजे कोण? एक मी. जळगावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर एक खोली रविवारी रिकामी असते. दुसरे भारंबे सर, निवृत्त गणिताचे शिक्षक. साधा मिक्सर घ्यायचा तरी दोन महिने तुलना करणारे. तिसऱ्या सोनवणे अक्का. त्या सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होत्या. आणि चौथे आबा. मूळचे शिंदखेड्याकडचे, आयुष्यभर बस चालवली, आता लेकीकडे जळगावात असतात.

आम्ही उकुलेले वाजवतो. चार तारांचं, गिटारचं लेकरू वाटावं असं वाद्य. मी आणि आबा शिकाऊ, आमच्याकडे बारके. सर आणि अक्का यांच्याकडे मात्र 'टेनर', म्हणजे मोठ्या अंगाचा, भरदार आवाजाचा. दोघांनी एकाच महिन्यात घेतला. सरांचा अख्ख्या लाकडाचा, अक्कांचा प्लायचा. कटकट तिथेच सुरू झाली.

*

पण त्याआधी बोर्ड! खोलीच्या दारावर लावायला मी पेंटरला फोनवर नाव सांगितलं. त्याने मन लावून, पिवळ्यावर लाल अक्षरांत रंगवून आणलं : "उकडलेले क्लब. दर रविवारी सकाळी ९."

पहिल्या रविवारी आमच्याआधी दोन गिऱ्हाइकं जिन्यात उभी. एकाने विचारलं, "अंडी का शेंगा?"

सर म्हणाले, "वाद्य आहे हो ते!"

तो माणूस बायकोकडे वळून म्हणाला, "चल. अजून उकडायचंय त्यांचं."

*

सरांनी टेनर पहिल्यांदा आणला तो दिवस. बॅगेची चेन अशी उघडली, जणू आत बाळ झोपलंय. मग व्याख्यान. हे अख्खं लाकूड आहे, हे वाजवाल तसं पिकत जातं, दहा वर्षांनी याचा आवाज ऐका. अक्कांनी आपल्या टेनरकडे पाहिलं. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच होतं, की त्याच्यासोबत एक कापडी पिशवी फुकट आली होती.

"कोणतं लाकूड?" मी विचारलं.

"अकेशिया!" सर म्हणाले, आणि थोडं थांबले. टाळ्यांसाठी असावं.

आबांनी वाद्य हातात घेतलं, नखाने टकटक केलं, वास घेतला. म्हणाले, "सर, हाई ते बाभूय शे."

"आबा, अकेशिया आहे तो!"

मी मोबाइलवर पाहिलं. परदेशातलं झाड खरं, पण खानदान बाभळीचंच. सरांना दाखवलं. सर म्हणाले, "कूळ एक असलं म्हणून योग्यता एक नसते."

आबांनी वाद्य परत बॅगेत ठेवलं. "तसं म्हना. मना बांधवर असा आठ उकुलेले उभा शेतस."

*

मग सरांनी रीतसर तुलना काढली. माझ्याकडूनच तक्ता टाइप करून घेतला. रकाने सहा : आवाजाचा गोडवा, भरदारपणा, सूर किती वेळ टिकतो, मान हाताला कशी बसते, तारा बोटाला किती जड जातात, आणि सहावा रकाना 'एकूण व्यक्तिमत्त्व'. शाळेत प्रगतिपुस्तकं भरायचे, ती सवय.

सूर टिकण्याची परीक्षा स्टॉपवॉच लावून झाली. पंखा बंद. खाली दुकानात गिऱ्हाइकाला हात जोडून थांबवलं. सरांचा सूर सात सेकंद टिकला, अक्कांचा पाच.

"बघा!" सर म्हणाले. "दोन सेकंद! म्हणजे चाळीस टक्के!"

अक्का चष्मा पुसत होत्या. म्हणाल्या, "सर, माझ्या वॉर्डात कोण किती वेळ ओरडतो यावरून कधी कुणाला चांगला म्हटलं नाही आम्ही."

मान कशी बसते, हे आबांना विचारलं. त्यांनी दोन्ही वाजवून पाहिले, अगदी गंभीरपणे. "अक्कासना मऊ चालस. तुमना वाला दुसऱ्या गेअरले अडकस."

सरांनी लिहिलं : 'मान – मजबूत'.

*

एवढ्याने सरांचं समाधान होणार नव्हतं. ते म्हणाले, "मी भिंतीकडे तोंड करून बसतो. आबा, तुम्ही कोणताही वाजवा. मी ओळखतो."

बसले. डोळे मिटले. आबांनी वाजवला.

"कोरडा," सर म्हणाले. "काचेवर चमचा आपटल्यासारखा. हा प्लाय. पुढचा?"

आबांनी पुन्हा वाजवला.

"आहाहा! हे बघा, हे लाकूड बोलतंय! ऊब आहे यात. खोली आहे. एक मिनिट, पुन्हा वाजवा... वा!"

अक्का तोंडावर पदर धरून खिडकीशी गेल्या. आबांनी दोन्ही वेळा अक्कांचाच वाजवला होता. एकदा नखाने, एकदा अंगठ्याने. सरांचा बॅगेत होता, आणि ती चेन उघडायची आबांची हिंमत झाली नव्हती.

सरांना सांगितलं. माणूस पडेल चेहऱ्याने घरी जाईल, असं मला वाटलं. पण सर म्हणाले, "म्हणजे अंगठ्याने वाजवला तर प्लायसुद्धा बाभळीइतका... हे अजून कुठेच लिहिलेलं नाही! तुम्ही टाइप करून घ्या!"

बाभळीइतका म्हणाले. स्वतःच्या तोंडाने. आबांनी माझ्याकडे पाहिलं.

*

मे महिन्यात जळगावात माणूस वाळतो, तिथे लाकडाची काय कथा! सरांनी वाचलं होतं, की अख्ख्या लाकडाला दमट हवा लागते. टेनर कूलरपुढे स्टुलावर बसला. बॅगेत ओला स्पंज. दिवसातून दोनदा सर स्वतः कूलरमध्ये पाणी ओतायचे.

मी एकदा काही कागद द्यायला सरांच्या घरी गेले, तर त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ओट्यावर टॉवेलने वारा घेत बसलेल्या. म्हणाल्या, "आत जा, पाहुणा झोपलाय. पस्तीस वर्षं मी ओरडत होते, कूलर भरा हो, कूलर भरा. मी चार तारांची असते तर ऐकलं असतं."

तरी लाकूड आक्रसलंच. मानेवर धातूच्या बारीक आडव्या पट्ट्या असतात. लाकूड आखडल्यावर त्यांची टोकं बाहेर आली. रविवारी सरांनी झोकात हात वर सरकवला आणि बोट चर्रकन कापलं. रक्त!

अक्कांच्या पर्समध्ये अजूनही अर्धा दवाखाना असतो. बोट बांधता बांधता म्हणाल्या, "धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं?"

"सॉलिड वुड आहे अक्का, पत्रा नाही!"

"चला म्हणते ना."

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कशाने लागलं?" सर वाद्याचं नाव सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आबा : "बाभूयना काटा, डॉक्टरसायेब."

डॉक्टरांनी तेच लिहिलं.

*

आता हळद. शिंदखेड्याजवळच्या गावात आबांच्या पुतण्याची हळद होती आणि आबांनी मोठेपणाने सांगून ठेवलेलं, "मना ग्रुप येस." डीजे बंद ठेवून आम्हाला माइक दिला. सरांनी सुरुवातीला दोन्ही टेनरच्या लाकडांतला फरक समजावून सांगितला. दहा मिनिटं. नवरदेवाच्या अंगावरची हळद वाळून पापुद्रे निघायला लागले.

मग आम्ही वाजवलं. एक, दोन, तीन गाणी! घाम गळेपर्यंत.

पुढच्या खुर्चीतले एक नाना उठून स्टेजपाशी आले आणि सरांना अगदी मायेने म्हणाले, "भाऊ, वाजाडी राह्यनात, का आजून ट्यूनिंगच चालू शे?"

मांडव हसला. आम्हीही हसलो असतो, पण सरांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज : 'एका वाद्याचा दर्जा कमी असला की चौघांचा आवाज पडतो. ज्यांना लागू असेल त्यांनी विचार करावा.'

अक्कांनी विचार केला. अक्का ग्रुपच्या अ‍ॅडमिन होत्या. पाच मिनिटांनी मोबाइलवर उमटलं, की सरांना ग्रुपमधून काढण्यात आलं आहे.

त्यानंतर दोन महिने एका रविवारी सर येत, एका रविवारी अक्का. आबा दोन्ही रविवारी यायचे आणि जो नसेल त्याच्या खुर्चीवर आपली टोपी ठेवायचे. हसू यायचं बंद झालं होतं. मी बोर्ड उतरवायचाच विचार करत होते.

*

आणि मग धुळ्याची शाळा.

अक्कांची भाची तिथे कर्णबधिर मुलांच्या शाळेत बाई आहे. ती म्हणाली, मावशी, वाद्यं घेऊन या, आमची मुलं हाताने ऐकतात. वाद्य वाजत असताना त्यावर तळहात ठेवतात. दोन वेगळी मोठी वाद्यं असतील तर त्यांना फरक कळेल.

दोन मोठी म्हणजे दुसरं सरांचं. अक्कांनी आठ दिवस काढले आणि मग स्वतः फोन केला. सर म्हणाले, "मुलांसाठी येतो." गाडी आबांनी चालवली. पारोळा गेलं, धुळं आलं. मागच्या सीटवर सर आणि अक्का. दोघांच्या मध्ये दोन टेनर बसलेले.

वर्गात बारा मुलं. बाईंनी खुणा करून सगळं समजावलं. सरांचा चेहरा उजळला. मला हळूच म्हणाले, "कानाला भूल पडते, हाताला नाही. हे खरे परीक्षक!" मग पुढे होऊन बाईंना म्हणाले, "दोन्ही मीच वाजवतो. हात एकच राहील, म्हणजे फरक फक्त लाकडाचा."

अक्कांनी आपला टेनर निमूटपणे त्यांच्या हातात दिला.

सर खुर्चीवर बसले. आधी स्वतःचा वाजवला, मग अक्कांचा. एकेक मूल यायचं, पहिल्यावर तळहात ठेवायचं, मग दुसऱ्यावर, आणि बोटाने दाखवायचं. पहिल्या मुलाने सरांचा दाखवला. दुसऱ्यानेही. तिसऱ्या मुलीनेही. अकरा जणांनी अकरा वेळा सरांच्या टेनरकडे बोट केलं! सर दर वेळी मान लववत होते. पण आठ-नऊ झाल्यावर त्यांनी अक्कांकडे पाहायचं सोडलं.

अक्का म्हणाल्या, "मान्य आहे सर. तुमचा चांगला." आवाज अगदी साधा. आपल्या कापडी पिशवीच्या त्या मांडीवर घड्या करत होत्या.

शेवटी एक मुलगी उरली. दहा-अकरा वर्षांची, लाल रिबिनींच्या दोन वेण्या. तिने सरांच्या टेनरवर हात ठेवला. मग अक्कांच्या. मग पुन्हा अक्कांच्या. मग ती सरांच्या खुर्चीला वळसा घालून मागच्या बाजूने वाकून पाहून आली. बोट कुणाकडेच केलं नाही. बाईंकडे वळून भराभरा खुणा केल्या.

"काय म्हणाली?" सर हसत म्हणाले. "सांगा, मोकळेपणाने सांगा! लाकडाबद्दल आहे का काही?"

बाईंनी एकदा मावशीकडे पाहिलं. म्हणाल्या, "ती विचारतेय, हा दुसरा वाजवताना सर त्याला इतकं घट्ट पोटाशी का दाबून धरतात?"

सरांनी खाली मान घालून स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कोपराने आवळून धरलेला अक्कांचा टेनर त्यांच्या शर्टात रुतून बसला होता, त्याला थरथरायला जागाच नव्हती.

सरांनी हात सैल केला. टेनर पोटापासून चार बोटं लांब धरला, मुलीला मानेने खूण केली, आणि तार छेडली.

तिने तळहात ठेवला. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तो हात न उचलता, दुसऱ्या हाताने तिने बाकीच्या अकरा जणांना जवळ बोलावलं.