ओटा नसलेलं घर

वादळात कुंभकोणमची आमची मराठी आळी भुईसपाट झाली, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वर्षभराने सरकारने चोळपुरमच्या रस्त्याला पक्की घरं बांधून दिली. सगळी एका ओळीत, एकसारखी. पहिल्या आठवड्यात मी शाळेतून येताना दोनदा भलत्याच घरात शिरले.

घर मजबूत होतं, पण ओटा नव्हता. दार उघडलं की थेट रस्ता. बाकीच्यांचं अडलं नाही, आमच्या अप्पांचं, माझ्या वडिलांचं अडलं. त्यांचा जिवलग मित्र विड्याच्या पानांचा मळेवाला, तमिळ, आमच्या जातीबाहेरचा. वीस वर्षं रोज संध्याकाळी तो जुन्या ओट्यावर बसून पानाचा डबा उघडायचा आणि दोघं दिवेलागणीपर्यंत बोलायचे. उंबरठ्याच्या आत तो कधी आला नाही, त्याला कुणी बोलावलंही नाही. आई सोवळ्याची कडक. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याची आज लाज वाटते.

नव्या घरी तो मैलभर चालत यायचा आणि रस्त्यातच उभा राहायचा. अप्पाही शेजारी उभे. साठीचे दोघं, कधी या पायावर, कधी त्या पायावर. बैलगाडी आली की बाजूला सरायचे. हळूहळू त्याचं येणं कमी झालं. अप्पा जेवणाला नावं ठेवू लागले, मला विनाकारण बोलणी बसू लागली. मग पाच दिवस तो आलाच नाही, आणि अप्पांनी पान खाल्लं नाही.

सहाव्या दिवशी आला, तर पाय सुजलेले. आई दारात गेली. बाहेरच्यांशी ती तमिळच बोलायची, पण त्या दिवशी तोंडून घरची मराठी निघाली.

"उभे किती राहाल? आत या."

वीस वर्षं कानावर पडलेली भाषा, त्याला कळली. चपला काढून तो दाराशीच अंग चोरून बसला. आईने पाट पुढे सरकवला. अप्पा त्याच्या शेजारी जमिनीवरच बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

पुढच्या वर्षी, ज्याला हवा त्याने ओटा बांधावा अशी परवानगी आली. अप्पांनी हौसेने विटा आणल्या. त्या विटांचं मागच्या दारी तुळशीवृंदावन झालं, कारण आई दारात आडवी उभी राहिली होती.

"ओटा कशाला? त्यांना परत बाहेर बसवायला?"