समाद्दारबाबूंची काचेची टाकी

बागबाजारच्या बिभूतिरंजन समाद्दारांना मासा या विषयात काही शिकवील असा माणूस कलकत्त्यात जन्मला नव्हता, निदान त्यांच्या मते. कल्ला उचलून बघितला की इलिश मासा कुठल्या नदीचा ते सांगणारा माणूस! त्यामुळे साडू प्रणवेशने सॉल्टलेकच्या घरी मासे पाळले आणि सासुरवाडी त्याचं कौतुक करू लागली, तेव्हा त्यांच्या घशात काटाच अडकला.

"ज्याला खाताना काटे निवडता येत नाहीत, तो मासे पाळतोय!" असं म्हणून ते रविवारी गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारात गेले आणि टाकी, बुडबुड्यांचं यंत्र, पाणी गाळायची स्पंजची गाळणी, प्लास्टिकचा राजवाडा आणि रंगीत माशांच्या फुगलेल्या पिशव्या घेऊन आले.

प्रणवेशला कळताच त्याचा फोन आला. "दादा, घाई करू नका हं. नुसतं पाणी काही आठवडे फिरू दे, मुरू दे. मग एकदोन मासे सोडा."

"पाणी काय लोणचं आहे मुरायला?" म्हणत बिभूतिबाबूंनी नळाचं पाणी भरून सगळे मासे एकदम सोडले. वर मूठभर मुरमुरे.

"अहो, किती घालताय?" बायको शेफालिका म्हणाली.

"समाद्दारांच्या घरी पाहुणा उपाशी राहत नाही."

थोड्याच दिवसांत पाण्याची पेज झाली. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. "बघ, मला ओळखायला लागले!" बिभूतिबाबू हरखले. ओळख फार टिकली नाही. मग त्यांनी टाकी, राजवाडा, गाळणीचा स्पंज, सगळं नळाखाली घासून लख्ख केलं आणि नवे मासे आणले. तेही गेले. दोष आधी नळाला, मग शेफालिकेच्या धूपाला आणि शेवटी साडूच्या नजरेला लागला.

शेफालिका म्हणाली, "बाजारचे निदान पोटात तरी जायचे."

फोनवर मात्र मासे मजेत होते. इतके, की एका शनिवारी ते बघायला प्रणवेश सपत्नीक येतो म्हणाला. स्वयंपाकघरातल्या हंडीत रात्रीच्या जेवणासाठी आणलेले जिवंत कोई मासे होते. पाण्याबाहेरही तग धरणारी चिवट जात. बिभूतिबाबूंनी ते टाकीत ओतले आणि दिवा मंद केला.

प्रणवेशने काचेला नाक लावलं. "दादा, हे... कोई का?"

"रंगाला भुलणारे वेगळे. आम्ही जात बघतो."

तेवढ्यात त्या जातिवंतांपैकी एकाने काठावरून उडी मारली आणि कल्ल्यांवर रेटत तो थेट मेहुणीच्या पायाकडे निघाला. ती किंचाळत पलंगावर चढली. शेफालिकेने मासा निसटू नये म्हणून हाताला राख फासली, मासा पकडला आणि शांतपणे म्हणाली, "जेवायला जरा उशीर होईल हं. यांचे लाडके आधी चिरायचेत."

प्रणवेश हसून हसून खोकला. बिभूतिबाबू पानावर बसले ते मान खाली घालून. पण मोहरीच्या तेलातला पहिला घास पोटात गेला आणि त्यांचा कंठ फुटला, "घरी पाळलेल्याची चवच वेगळी!"

पुढच्या आठवड्यात प्रणवेशने आपल्या टाकीतला जुना, बुळबुळीत स्पंज पाठवला; पाणी मुरवणारे जिवाणू त्या बुळबुळीतच असतात, असा निरोपही दिला. बिभूतिबाबूंनी तो नाक मुरडून कचऱ्यात टाकला. शेफालिकेने उचलून गाळणीत बसवला, महिनाभर पाणी फिरू दिलं आणि मग छोटे गप्पी सोडले. खाण्याचा डबा ती तांदळाच्या पिंपात लपवते. रोज चिमूटभर, तेही तिच्याच हातचं.

गप्पींना पिल्लं झाली. ती बघायला गल्लीतले लोक येतात, तेव्हा बिभूतिबाबू पंख्याखालच्या खुर्चीत टेकून गंभीरपणे सांगतात, "पाणी मुरवावं लागतं, महाशय. लोकांना धीरच नसतो. आमच्या साडूंनाही मीच सांगितलं."

आतून शेफालिका चहा पाठवते. तिला पाणी बदलायचं असतं. बोलायला वेळ नसतो.