ट्रेलरवरची लावणी

आयुष्यात मी एकदाच सरकारला फसवायला निघालो, आणि तेवढंही मला जमलं नाही.

आमची अंजूरची शेती एकेक करत गोदामांखाली गेली. उरलेले बारा गुंठे मी एका पार्किंगवाल्याला ट्रेलर उभे करायला दिलेत. (म्हातारपणी घरबसल्या काहीतरी नको का!) सगळं सुरळीत चाललं होतं. मग एक दिवस चहाच्या टपरीवर शेजारच्या नानाने बातमी आणली. आता म्हणे शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो टाकायचा. नाही टाकला, की सातबाऱ्यावर ‘पडीक’ लागणार. पडीक लागली, की सरकार जमीन घेणार आणि नातवंडांचं शेतकरीपण खलास!

मला एकच नात, सायली. कॉलेजात शिकते. ती शेतकरी राहिली नाही, तर उद्या तिला कुठे गुंठाभर शेतजमीनही विकत घेता यायची नाही. आठ दिवस घास घशाखाली उतरेना. सून विचारायची, भाजी बिघडली का? भाजी उत्तम होती. धोरण बिघडलं होतं.

शेवटी दिघाशीच्या मेव्हण्याकडून रिक्षाभर भाताची रोपं आणली. पण लावायची कुठे? शेतात मुरूम टाकून तो असा दाबलाय, की पहारसुद्धा आत जाईना. शिवाय जिकडेतिकडे चाकं. फोटोत चाकं आली तर तलाठी काय म्हणेल? तेवढ्यात मला मधोमध उभा असलेला एक रिकामा, सपाट ट्रेलर दिसला आणि माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. वर गोणपाट अंथरले, घमेल्याने चिखल चढवला आणि दोन तास ओणवं राहून झकास लावणी केली. वरून बघितलं तर नुसतं हिरवंगार! जमीनही आपलीच, भातही खरा. यात खोटं ते काय?

रोपांत उकिडवा बसून मी मोबाईल काढला. (ॲप सायलीनेच घालून दिलं होतं, कशासाठी ते मी तिला सांगितलं नव्हतं.) आणि शेत हललं. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपला होता. तो उठला आणि मागे न बघता निघाला. मी ओरडलो, पण हॉर्नच्या आवाजात माझं कोण ऐकतंय! घाबरून मोबाईलकडे पाहिलं, तर त्यावर लिहून आलं होतं की तुम्ही तुमच्या शेतापासून नव्वद मीटर दूर आहात. मग सहाशे. मग दोन हजार. मी एका हाताने ट्रेलरची साखळी धरली होती, दुसऱ्याने रोपं सावरत होतो आणि सरकार मला शांतपणे अंतर सांगत होतं.

अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकने वाचवलं. ज्या ट्रॅफिकला मी रोज शिव्या घालतो, त्याला त्या दिवशी हात जोडले. ड्रायव्हर खाली उतरला आणि बघतच राहिला.

“चाचा, ये खेती लेके किधर जा रहे हो?”

“मी नेत न्हाय रे बाबा, तूच नेतोस,” मी म्हणालो.

मला न्यायला सायली स्कूटी घेऊन आली. चिखलाने माखलेल्या आजोबाला बघून ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने सगळं ऐकून घेतलं. फोटो टाकला नाही म्हणून कोणी जमीन काढून घेत नाही, नानाचं काय ऐकता, असं म्हणाली. मग माझ्या अंगावरचा चिखल पुसायला लागली.

“आबा, जमीन सरकारने न्हाय नेली. तुम्हीच दिलीय. मला कुंपणाकडचे दोन गुंठे द्या. मी भेंडी लावते. मग फोटो पण खराच येल.”

माझे डोळे भरून आले. हेच ऐकायला तर आठ दिवस जीव टांगणीला लागला होता! पोरीला माती हवी होती, ती स्वतःच्या तोंडाने मागत होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“लाव बाय, खुशाल लाव,” मी म्हणालो. “फक्त एकदा पार्किंगवाल्याला विचारून घेतो.”