मागची सीट

महाराष्ट्र होऊन फार वर्षं झाली नव्हती. बुलढाण्यात आमच्या शेजारी एक कारकून राहायचे. कमी बोलणारे, कडक इस्त्रीचे, खोकायचं झालं तरी आजूबाजूला पाहून खोकणारे. त्यांना जुनी मोटारसायकल घ्यायची होती. धाड गावच्या मिस्त्रीकडे दोन आहेत हे कळल्यावर त्यांनी मला सोबत नेलं.

इंजिनाकडे त्यांनी पाहिलंही नाही. "तुम्ही चालवा भाऊ, मी मांगं बसतो," म्हणाले आणि बायका बसतात तसे, दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले. नेमका बाजाराचा दिवस. "अरे, साहेबाले लुगडं नेसवा!" कोणीतरी ओरडलं. लोक पोट धरून हसले. मान माझीच खाली गेली.

हे मात्र मागून सांगत होते, "आता त्या खड्ड्यातून घ्या." दुसऱ्या गाडीवरही तसंच.

शेवटी न राहवून मी विचारलं, "हे काऊन?"

"विहिरीवर पडल्यापासून घरच्यांची कंबर धरते. एसटीचे दणके सोसत नाहीत. अमडापूरले माहेर आहे, पण दोन वर्षं जाणं झालं नाही."

चकचकीत लाल गाडी सोडून त्यांनी रंग उडालेली काळी घेतली.

पुढच्या रविवारी दोघं अमडापूरला निघाले. ते इतकं जपून चालवत होते, की सायकलवालेही पुढे जात होते. आमच्या फाटकासमोर वहिनींचा आवाज आला,

"अवो, अशानं अमडापूर कधी येईन? घ्या ना जरा जोरात!"