भिंत तापलीय की, मामा

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय – का, ते मलाही धड कळत नाही.

आमचं सोलापुरातलं घर म्हणजे पूर्वीचा सूत रंगवायचा कारखाना. तळघरात भट्टी, तिचं धुराडं मागच्या भिंतीतून थेट गच्चीवर. रंगकाम बंद पडलं तरी अंघोळीचं पाणी मी त्याच भट्टीवर तापवायचे. लाकडं पेटली की वरच्या खोलीची भिंत छान उबदार व्हायची. सासरे – त्यांना मी मामा म्हणायचे – थंडीत त्या भिंतीला पाठ लावून चहा प्यायचे. सांधे धरलेले. तेवढाच आराम.

मग गिझर आला. धूर, राख, डोळ्यांची आग – आता कशाला? मी भट्टी बंद केली. मामांना मात्र सांगितलं नाही.

चार-पाच दिवसांनी ते म्हणाले, "भिंत गार लागतीय की गं."

"पेटवलीय की, मामा. भिंत तापलीय. तुमालाच कळंना."

का म्हणाले मी असं? आळस – हो. पण नुसता आळस होता का? मी नवी सून असताना भट्टीत लाकूड सारलं की मामा चार गड्यांसमोर म्हणायचे, हिला आच कळत न्हाई. ते मनात सलत होतं. खरं सांगते, त्या दिवशी मला बरं वाटलं.

त्यांनी भिंतीला तळवा लावला. जन्मभर उकळत्या रंगातलं सूत पिळून तो निबर झालेला – त्याला गार-गरम कळायचंच नाही, आणि हे मला ठाऊक होतं. "आसंल," म्हणाले. "हात गेले माझे."

पाहुण्यांना सांगायचे, सून रोज माझ्यासाठी भट्टी पेटवती, माझंच अंग मेलंय. मी तिथंच पोह्यांच्या बश्या घेऊन उभी असायचे.

संक्रांत झाली आणि एका सकाळी त्यांनी हाक मारली. "पोरी, उद्यापासनं पेटवू नगंस. उगं धुरात डोळे जाळून घेतीस. मला काय कळत न्हाई आता."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. निदान खाली जाऊन चार लाकडं पेटवायची – तासाभरात त्यांच्या पाठीला ऊब लागली असती.

मी म्हणाले, "बरं, मामा."

पुढची थंडी त्यांनी पाहिली नाही. आपलं अंग मेलंय, असं समजूनच ते गेले. अंग मेलं नव्हतं. मी भट्टी पेटवली नव्हती.